चौदावं भोक

रबाळ्याच्या शेडमध्ये डिमेलो पंखाचा तुकडा
टेबलावर ठेवतो, सुरमईचा काप ठेवावा तसा.
तीस वर्षं उडालेलं ॲल्युमिनियम.
हिरव्या प्रायमरवर कुणाचा तरी पेन्सिलीचा आकडा
अजून आहे. सात, किंवा एक.

रिव्हेट काढले. उरली भोकं, बावीस.
मी प्रत्येकात प्रोब फिरवते,
पडद्यावरची रेघ सरळ, सरळ,
चौदाव्याला दचकते.
भिंगाखाली बघितलं तर केस पडल्यासारखं,
फुंकर मारली. गेला नाही.

माझ्या आत्याची कानाची पाळी अशीच गेली.
जड कुड्या, आणि घणसोलीच्या बाजारात
चाळीस वर्षं मान हलवून नाही म्हणणं,
एवढ्यान नाय परवडत, बाय, नाय,
दर नाहीला सोनं जरासं झुलायचं.
एक दिवस जेवताना कुडी ताटात पडली.
रक्तसुद्धा नाही.
डॉक्टर म्हणाले, टाके घातलेत, आता हलकं घाला.
तिनं दुसरीकडे टोचून घेतलं
आणि त्याच कुड्या घातल्या.

चौदावं आधी रीमरनं मोठं करायचं,
केस निघून जाईपर्यंत.
मग बाजूनं चिरलेली पातळ स्लीव्ह.
मग मँड्रेल, भोकापेक्षा जाड,
मुद्दाम जाड.
डिमेलो पुलर लावतो. पंपाचा एक उसासा, कट्,
आणि न मावणारं आरपार निघून येतं.
कडेचा धातू फाकलेला असतो, आता त्याला
पहिल्यासारखं होता येत नाही.
पण त्याच्या मागचा पत्रा, ज्याला काहीच झालेलं नाही,
परत जागेवर यायला बघतो
आणि कडेला चहूबाजूंनी आवळतो.
पुढे कितीही ओढ बसली तरी तड्याला
तोंड उघडायला आधी
ही मिठी सोडवावी लागेल.

"मिठी कसली," डिमेलो म्हणतो, "माप घे."
मी माप घेते. शेवटचा रीमर. पुन्हा माप.

शुक्रवारी साधा नमुना मशीनवर तुटला,
एकसष्ट हजार फेऱ्या, दुपारचे अडीच,
माझ्या हातात डब्याचं झाकण होतं.
तुटल्या तोंडावर शिंपल्यासारख्या रेघा,
सगळ्या भोकापासून निघालेल्या.
मग आवळलेला लावला
आणि मशीन चालू ठेवून आम्ही घरी गेलो.

"इमान जुना झाला तं टाकून का नाय देत?"
आत्यानं रविवारी विचारलं.
मी किमती सांगितल्या, नियम सांगितले.
ती ऐकत होती, बोटानं
पाळीवरची जुनी शिवण चाचपत.

सोमवारी नऊ वाजता काउंटरवर
अकरा लाख अठ्ठ्याहत्तर हजार.
तो चालूच होता. दुसऱ्या गिऱ्हाइकाचे बोल्ट
दारात येऊन पडले होते, मशीन रिकामं हवं होतं.
मी लाल बटण दाबलं.
फॉर्मवर एक रकाना असतो: कुठे तुटला.
तिथे लिहिलं, तुटला नाही,
आम्ही थांबवला.
आणि खाली सही केली, रे. ज. मढवी.