सहा एकवीस

लातूरच्या धावपट्टीवर, पंखाच्या सावलीत
मी आणि गौसभाई.
सावली सरकते तशी खुर्ची सरकवतो.
साहेब अकराला येणार होते. आता पावणेपाच.

गौसभाईंनी अर्धी भाकरी पुढे केली, वर शेंगदाण्याची चटणी.
"खाओ कॅप्टन, बडे लोगां ऐसेइच आते."

मोबाईलमध्ये एअरलाइनचं पत्र.
रात्री बारापर्यंत हो किंवा नाही.
ज्येष्ठता क्रमांक चार हजार एकशे सतरा,
महिन्याचं वेळापत्रक आधीच छापलेलं,
दिवाळी कुठल्या शहरात तेसुद्धा.
तसलंच एक विमान फार वरून गेलं,
लातूर खाली आहे हे त्याला कळलं नसावं.

अण्णांना फोन केला. एकतीस वर्षं उदगीर डेपो.
म्हणाले, "म्हंजी एस्टी का काळीपिवळी, एवढंच ना?"
मग खोकले. मग बराच वेळ काही नाही.
"ब्रेक लागंना झाला की मी रजिस्टरात लिहायचो
अन् खाली उतरायचो. गाडी उभी.
काळीपिवळीवाल्याला मालकाच्या तोंडावर बोलावं लागतंय, बाई."

सूर्यास्त सहा एकवीस.
त्यानंतर इथून उडायचं नाही.
सहा दहाला पीए पळत आला, इनशर्ट सुटलेला:
"औसा सोडलंय साहेबांनी. दहा-वीस मिनिटं
इकडंतिकडं होतील, सांभाळून घ्या मॅडम."

रजिस्टर नव्हतंच कुठे.
तोंड होतं, चटणीनं पोळलेलं.
"नाही," म्हणाले.

गौसभाईंनी काही न विचारता
चाकांना लाकडी ठोकळे लावले.

बाराला अजून वेळ आहे.
त्या शब्दाची चव कशी होती
ते मी जीभ फिरवून बघतेय.