गळती

शुक्रवारी संध्याकाळी फोर्टातल्या दुकानातून
भाड्याने आणली सहाशेची लेन्स.
सोमवारी दहाच्या आत परत,
ओरखडा पडला तर अनामत बुडाली.
बायको म्हणाली, एवढ्या पैशात
महिनाभर चिकन आलं असतं.
तेही पक्षीच.

शनिवारी माहीमचं निसर्ग उद्यान.
पावणेसातला गेटाबाहेर आम्ही सहाजण,
सतरा अंशांना थंडी म्हणणारे,
माकडटोप्या, मफलर,
कुणाच्या तरी थर्मासमधला बिनसाखरेचा चहा.
सगळ्यांत पुढे मिस डिमेलो, वय एकोणऐंशी,
दुर्बिणीचा पट्टा सुतळीने बांधलेला,
वहीत पेन्सिलीच्या उभ्या रेघा:
घारी एकोणीस, तांबट चार, खंड्या एक.
मी हसलो तेव्हा म्हणाल्या,
"कावळेपण मोजायचे, बाबा.
तेच तर रोज हजर असतात."

मला हवा होता स्वर्गीय नर्तक.
मला मिळाल्या फांद्या.
एकशे बारा फांद्या, स्पष्ट, सुरेख,
हलणाऱ्या,
जिथून आत्ताच कुणीतरी उडालं होतं.
एका फोटोत मात्र लांब, पांढरी, रिबिनीसारखी शेपटी.
घरी मोठी करून पाहिली
तर पतंगाची.
संक्रांत जवळ आली होती.

रविवारी लांब गेलो नाही.
मुलुंडला आमच्या गल्लीमागे पालिकेची बाग:
तीन घसरगुंड्या, एक हास्यक्लब,
धुरकट उन्हात चालणारे मधुमेही,
त्यांच्या बुटांमधून शेपटी हलवत
बेधडक फिरणारा एक धोबी.
मागच्या कोपऱ्यात, पाचोळा कुजवायच्या खड्ड्यापलीकडे
पाइपाच्या सांध्यातून थेंब.
थेंबाखाली परातीएवढं डबकं.

सांगायचं राहिलं,
मी पालिकेतच आहे. पाणीखातं, गळतीशोधक पथक.
रात्री दोनला रस्त्यावर काठी टेकवून
तिच्या दुसऱ्या टोकाला कान लावणारे
ते आम्ही.
सव्वीस वर्षं हेच: खाली पाणी काय बोलतंय.
त्यामुळे हा थेंब मी दिसायच्या आधी ऐकला.
मिनिटाला चाळीस.
दिवसाला धरा तीन लिटर.

कण्हेरीमागे बसलो.
आधी आला नाचण, पंखा उघडत मिटत,
मग शिंपी, मग बुलबुलांचं अख्खं बिऱ्हाड,
मग दयाळ, त्याने सगळ्यांना हाकललं
आणि एकट्याने अंघोळ केली, सावकाश,
पाणी आपल्या बापाचं असल्यासारखी.
तो गेल्यावर खाली उतरला
इवलासा माशीमार,
गळ्याशी नारिंगी डाग,
कुठकुठले डोंगर, कुठकुठले देश ओलांडून
आमच्या वॉर्डाच्या पाण्यात बुडी मारायला.

सहाशेच्या लेन्सला
चार मीटरच्या आतलं दिसत नाही.
मी होतो दोनावर.
मागे सरकलो असतो तर तो उडाला असता.
नाही सरकलो.

हंड्यावरून डोकी फुटलेली पाहिलीत मी
याच शहरात.
तीन लिटर म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको.

गोरख माळी आला, झारी घेऊन.
"दिवाळीपासून गळतंय, साहेब.
तक्रार टाकू? तुमच्याच खात्याकडे येईल ना?"
मी म्हटलं, टाक. पण मार्चात टाक,
पाहुणे गेले की.
तो डबक्याकडे बघत राहिला.
"मार्चात तर इथल्यांना जास्त तहान लागंल."
यावर मला काही सुचलं नाही.
त्यालाही.
तो जास्वंदीला पाणी घालायला गेला.

सोमवारी लेन्स परत केली, ओरखड्याशिवाय.
दुकानदाराने विचारलं, काय मिळालं?
फांद्या, म्हटलं.

त्या रात्री ड्युटी भांडुपला होती.
काठी टेकवली, कान लावला.
खाली पाणी स्पष्ट बोलत होतं,
गळती, नक्की, शंकाच नको.
नोंदवहीचं पान उघडलं
आणि लिहिण्याआधी
एकदा वर पाहिलं,
झाड आहे का.