खाली पेपर अंथरून

कुबेर, आधी हात पूस.
त्या चिंधीला नको, मलमलच्या तुकड्याला.
चिंधीचा एक धागा पुरतो
दोन कडांमध्ये वाट करून द्यायला,
आणि तेलाला वाटच हवी असते.

ही ऑस्टिन बावन्न सालची.
नागाळा पार्कातल्या इंगवले वकिलांच्या वडिलांनी घेतलेली.
तीस वर्षं पोर्चमध्ये उभी,
वर कबुतरं, खाली काळा डाग.
वकील म्हणाले, बाकी काही होवो,
तो डाग परत नको.
फरशी नवी बसवलीय त्यांनी.

चेंबरची कड प्लेटवर ठेव,
निळं लाव, हलकेच फिरव.
निळं जिथं उमटलं नाही तिथं खड्डा.
भोकांभोवती पत्रा वर आलाय, दिसतंय?
आपल्याआधी कुणीतरी रागानं आवळलंय.
लाकडी ठोकळा घे, उलट बाजूनं ठोक.
उद्यमनगरात सकाळपासून सगळेच ठोकतात,
त्यात तुझा ठोका तुला वेगळा ऐकू आला पाहिजे.

ह्या मॉडेलचं गॅस्केट तयार मिळत नाही.
कागद कडेवर धर,
गोल डोक्याच्या हातोडीनं टिचक्या मारत जा.
भोकावर बेअरिंगची गोळी, एकच घाव.
जमादार उस्तादांनी कात्री कधी धरली नाही.
"इंजनच सांगतंय की त्येचा आकार,
तू कशाला मधी बोलतोस?"

मागच्या सीलची दोरी रात्रभर तेलात भिजतेय,
आमटीच्या वाटीत. घरी सांगू नकोस.
गुळगुळीत दांड्यानं खाचेत दाबत जा,
टोकं नखाएवढी वर ठेवून ब्लेडनं काप.
नखाएवढी नव्हे रे,
नखाच्या काळ्या काठाएवढी.

चपडा पातळ लाव.
जास्तीचा आत तुटतो, जाळीत अडकतो,
मग बाहेर थेंब नाही
आणि आत इंजिन उपाशी.
बोल्ट समोरासमोरचे, थोडा हा, थोडा तो.
पंगतीत वाढल्यासारखं ओळीनं नको.

एका फियाटचं मागचं सील मी तीनदा बदललं.
तीनदा! गिऱ्हाईक गडहिंग्लजचं,
दर वेळी एसटीनं यायचं आणि शिव्या देत जायचं.
चौथ्यांदा उस्ताद वाकले,
सीलकडे बघितलंसुद्धा नाही,
वर ब्रीदरच्या नळीत तार घातली.
कुंभारीण माशीचं घर निघालं,
मातीचं, आत वाळलेली अळी.
"वाफ कुटनं जाणार रं?
दिसंल त्या फटीतनं ती जाणारच.
तू आपला फटीला कुलपं लावत बसलायस."

शमीमचाची गेल्या, तेव्हा
दुसऱ्या दिवशी शटर उघडलं त्यांनी.
चाळीस दिवस बोल्टांशिवाय कशाबद्दल बोलले नाहीत.
मग एका रात्री तांब्याचे वॉशर लाल करत होतो,
पाण्यात टाकले, चुर्र झालं,
आणि उस्ताद म्हणाले, ती मिरजेहून आली तेव्हा
शेजारच्या फौंड्रीचा मोठा हातोडा सुरू झाला
आणि पोरगी थेट रस्त्यावर पळाली,
भूकंप, भूकंप करत.
वर्षभर झालं असेल कोयनेला.
हसले. मग पहाटे चारपर्यंत
मिरज, तिचे पोपट, तिचा खोकला,
मधेच परत तो हातोडा.
मी नुसता पाणी बदलत होतो.
वॉशर मऊ झाले होते.

चल, तेल भर. अर्धा तास चालव.
मग खाली पेपर अंथर,
रविवारची पुरवणी नको, चकचकीत असते,
तिच्यावर थेंब पसरतो आणि खोटं सांगतो.
सकाळी डाग दिसला तर पेनानं गोल कर
आणि सरळ वर बघ.
ओल दिसते तिथं फट नसते,
वाहत वाहत आलेली असते ती.
धू, वाळव, टाल्कम पावडर मार, पुन्हा चालव.
डाग नसला तर नाचू नकोस.
आधी काडी ओढून तेल बघ.

आणि ती तार नळीत घालायची. नवी असली तरी.

जाताना शटर पुरतं पाडू नकोस,
वीतभर वर ठेव.
मांजर येतं रात्रीचं.