पाणसळ

बामणोलीच्या उतारावर
कॅरॅव्हॅन डावीकडे कललेली.
चिखलात गुडघे रोवून मी
ड्रिलला एकोणीसचा सॉकेट लावते.
घुर्रर्र, एक पाय टेकला.
घुर्रर्र, दुसरा.
तिसऱ्याला बॅटरीनं मान टाकली.

आत ओट्यावर पाणसळ.
"बुडबुडा खिडकीलाच चिकटलाय," प्रद्युम्न सांगतो.
मग पाना, आणि माझं मनगट.

जागामालक बाजाबा बांधावर बसून
एक डोळा मिटतात,
खिडकीची कड
धरणाच्या पाण्याला लावून बघतात :
"आजून अर्धा फेरा.
आजून वाईच.
हां, ऱ्हाऊ द्या."

बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध.

रात्री ड्रिल त्यांच्या पडवीत चार्जिंगला.
प्रद्युम्ननं कूस बदलली,
अंधारात मला वाटलं,
बुडबुड्यानंही.