बाहेरून लावायची कडी

हेल्तरमाच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा दुपारचे चार,
आणि अंधार पडून गेलेला.
एकोणीस वर्षांनी हीउमा बेटावर आलो
ते घर विकायला. नाताळ मध्ये आला, एवढंच.

चूल पेटवली तर सगळा धूर घरात.
शेजारच्या लेम्बीबाई म्हणाल्या,
"धुराड्यात कावळ्यांनी घरटं केलंय.
तुझा बाप गेल्यापासून त्या घरात
तेवढंच काय ते नांदलं."

धुराडी साफ करणारा तेवीस तारखेला आला.
नाव ताव्हेत. काळी टोपी, कोटाला पितळी बटणं.
त्याच्या बटणाला हात लावला की नशीब उघडतं, म्हणतात इथे.
मी हात पुढे केला तो हातात हात द्यायला,
त्याने कोटाचं बटण पुढे केलं.
"सवय झालीय," म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.
काजळीखालीसुद्धा दिसलं मला.

दीड पोतं काटक्या निघाल्या,
मेंढीची लोकर,
आणि बाबांच्या मफलरीचा हिरवा धागा.

हात धुवायला आत गेला तो
माझ्या खोलीच्या दाराशी थांबला.
दाराला कडी. बाहेरून.
त्याने विचारलं नाही काही. मीच सांगत गेलो:
सोळाव्या वर्षी, होड्यांच्या शेडमध्ये, मी आणि ओट.
बाबा कंदील घेऊन आले. मारलं नाही.
मारलं असतं तर बरं, असं त्या हिवाळ्यात
भिंतीला किती वेळा सांगितलं मी.
रोज संध्याकाळी सातला कडी. सकाळी शाळेपुरती उघडायची.
आई कडी काढून ताट आत सरकवायची
आणि परत लावायची. अगदी हळू,
आवाज होऊ नये म्हणून.
तो हळूपणाच अजून ऐकू येतो.

ताव्हेतने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला.
चारातले तीन निघाले. चौथा गंजून बसलेला.
त्याला लोणी लावलं, शिव्या दिल्या,
शेवटी दोघांनी मिळून पिळला, हातावर हात,
आणि स्क्रू खाली पडल्यावरही
हात तसेच राहिले थोडा वेळ.

दुसऱ्या दिवशी स्मशानात मेणबत्त्या लावायला गेलो,
सगळं बेट जातं त्या संध्याकाळी.
आईची मी लावली. बाबांची त्याने.
वाऱ्याने विझली. परत लावली. परत विझली.
तिसऱ्यांदा मी तळव्यांचा आडोसा धरला.
वातीसाठी, म्हटलं. बापासाठी नाही.
"बरं," म्हणाला ताव्हेत.

नाताळच्या रात्री इथे जेवणाची ताटं उचलत नाहीत,
गेलेली माणसं येऊन जेवून जातात.
मी बाबांचं ताट वाढलं: आंबवलेला कोबी,
रक्ताचं सॉसेज, आणि शेजारी ती कडी.

माझी खाट एका मुलाच्या मापाची.
कुशीवर वळायचं तर दोघांनी मिळून ठरवावं लागे.
त्याच्या केसांना धुराचा वास,
कितीही धुतले तरी, तो सांगत होता, लाजत.
मी दार बघायला दोनदा उठलो.
तिसऱ्यांदा अंधारातून तो म्हणाला,
"उघडंच आहे, इव्हो."

सकाळी खिडकीत कावळा.
घर मोडल्याची तक्रार घेऊन आला असावा.
ताटाला शिवला नाही.
सॉसेज लेम्बीबाईंच्या मांजरीने रात्रीच फस्त केलेलं,
कडीसुद्धा चाटून लख्ख.
ताव्हेत हसता हसता खाली बसला.
मला हसू की काय ते कळेना,
जे आलं ते आलं.

मग बटणाशी खेळत त्याने विचारलं,
"बोट कितीची?"
"साडेआठची."
"आज?"
"आज चूल पेटवून बघू या," म्हणालो.

पेटवली.
धूर कुठे जातो ते बघायला
दोघं अनवाणी बाहेर पळालो, बर्फात,
मान वर करून.