ग्रस्तास्त

दत्तनगरात, आमच्या गच्चीवर
पाण्याच्या टाकीला टेकून उभी माझी दुर्बीण:
सहा इंची पाइप,
घासता घासता अंगठ्याच्या रेघा गेल्या तो आरसा,
आणि फिरवायला भंगारातल्या मागाचं बेअरिंग.
तोंडाला काळी फिल्म, डोळ्याशी फोन,
चार रबरबँड, वरून चिकटपट्टी.
दिवाळी म्हणून कारखाने गप्प होते.
एरवी इथे धोट्याच्या ठोक्यानं
सूर्यही हलतो.

"नमस्कार, मी अंबादास येमूल, सोलापूर,"
एवढं बोललो आणि पुढचं सुचेना.
बघणारे तीन.
त्यातला एक मीच, दुसऱ्या फोनवरून.

पंचांगात चार सत्तावन्न.
अठ्ठावन्न झाले. एकोणसाठ.
भिवंडीहून नागनाथनं लिहिलं,
कुठाय बे तुझा चंद्र?
मग सूर्याच्या कडेला एक शंका आली.
धूळ समजून मी फुंकरसुद्धा मारली.
ती गेली नाही.

खाली गल्लीत दारं लागलेली.
पाच दिवसांनी आलेलं पाणी
ग्रहण लागलं म्हणून ओतून द्यायची
इथे कोणाची ऐपत नाही;
पिंपात तुळशीचं पान टाकून
सगळ्यांनी वरच्याशी मिटवून घेतलं होतं.
शेजारच्या नरसम्मानं सुनेला, सातवा महिना,
आतल्या खोलीत बसवलं,
खिडकीला चादर ठोकली,
हातातली कातर काढून घेतली:
आज पान कापायचं नाही.
म्हणजे हजार विड्यांचा रोज गेला.

बघणारे एकेचाळीस.
मी सांगत होतो छाया, पात, अंतर,
आरशातून सगळं उलटं दिसतं ते,
आणि घाम पुसताना पायाचा धक्का लागला.
पडद्यावर ओळ उमटली:
"काका, जरा डावीकडे घ्या, कड तुटतेय."
घेतलं.
"अजून थोडं. हां, बास."
कोणीतरी भाग्या नावाचं.
मग लगेच दुसरी ओळ:
"पहिली कातर मारल्यावर पान दिसतं, तसंच आहे की हे."

दोन वर्षं मी शाळाशाळांतून हे सांगतोय,
चावलेली भाकरी म्हणतो, लिंबाची फोड म्हणतो,
एवढं नेमकं कधी जमलं नाही.
आणि मग कळलं, कुठली भाग्या.
मधे दोन भिंती. एक चादर.
जिन्यात नरसम्मा उभी,
पाठ सूर्याकडे, कान माझ्याकडे.
"एका प्रेक्षकांनी लिहिलंय," म्हणालो,
आणि पानाचं वाचून दाखवलं.
नाव नाही घेतलं.
नरसम्मा स्वतःशीच म्हणाली,
बरोबर बोललं कोणीतरी.

सहा वाजले. टाक्यांच्या रांगेमागे
तांबडा, एका बाजूनं खाल्लेला,
तसाच उतरत गेला.
मी लोकांना शब्द समजावला, ग्रस्तास्त:
सुटायच्या आधीच मावळणं.
मोक्ष क्षितिजाखाली होणार,
सोलापुरात कुणाला दिसायचा नाही.
नागनाथनं हसण्याची तीन तोंडं पाठवली.

शेवटची कड गेली तेव्हा
मी माइक विसरून ओरडलो, "गेला!"
गल्लीभर ऐकू गेलं.

फोनवरचं चित्र वीसेक सेकंद मागे असतं,
हे मलाही माहीत होतं, पण त्या वेळी नव्हतं.
भिंतीतून माझा आवाज
आधी पोहोचला असणार.

"गेला कसा, काका?
माझ्याकडे आहे अजून."

बटणावर ठेवलेलं बोट
मी तसंच धरून ठेवलं.