अकरावी मूस

दूध आधी जाळावं लागतं.
हे येरकाने घरी कुणाला सांगितलेलं नाही.
साय करपली तरी तिची आई
छातीवर क्रूस काढते.

इथे झादरमध्ये, प्रयोगशाळेच्या भट्टीत,
साडेपाचशे अंशांवर रात्रभर
दहा ग्रॅम दुधाची
जेमतेम नव्वद मिलिग्रॅम राख होते.
दुधाहून पांढरी.
पाणी गेलं, लोणी गेलं,
कोकराच्या वाटणीची गोडी गेली,
उरलं ते फक्त हाडांचं सामान :
कॅल्शियम, स्फुरद, पालाश,
कुठे जस्ताचा एखादा कण.
सकाळी झाकण काढताना ती श्वास रोखून धरते.
फुंकरीने उडेल एवढंच असतं सगळं.

बारा मुशी, चार जाती.
फ्रीजलंडची, उंच, गुलाबी नाकाची,
शेपटीला लोकर नसलेली,
बादली भरते आणि पुन्हा रिकामी मागते.
लाकोन, फ्रान्सहून आलेली,
आजीपणजीच्या कागदांसकट.
आवासी, कुणा हौशी माणसाने आणलेली,
शेपटाच्या चरबीत दुष्काळाची शिदोरी बांधून हिंडणारी.
आणि पाग बेटावरची,
मांडीएवढी, करड्या अंगाची,
दगड बाजूला सारून गवत शोधणारी.
दोन वेळचं मिळून मोठा पेलाभर दूध.

त्या बाटल्या क्रशेवान स्वतः घेऊन आला होता,
पूल ओलांडून, मांडीवर खोकं धरून,
बसच्या ड्रायव्हरशी भांडत, की हळू चालव.
"बुरा सुटला ना," तो म्हणाला,
"की लाटांचं पाणी उडून उभ्या बेटावर बसतं.
सकाळी बांध चाटून बघ, खारट लागतात.
दुसऱ्यांच्या मेंढ्या चारा खातात,
माझ्या समुद्र खातात.
तू मीठ मोज, बाई.
खाल्ल्या मिठाला जागणारी जात आहे ही."

येरकाने मोजलं.
कॅल्शियम सगळ्यांचं उन्नीस-बीस.
जातीजातींत जेवढा फरक,
त्याहून जास्त एकाच मेंढीच्या
मार्चच्या आणि जूनच्या दुधात.
पालाश रांगेत उभं, शाळेतल्या मुलांसारखं.
आणि अकराव्या मुशीत
सोडियम दुप्पट.
पालाश खाली आलेलं.

तिने पुन्हा मोजलं.
तिसऱ्यांदा मोजलं नाही.

फोनवर तो हसला, मोठ्याने, वाऱ्याच्या वर :
"सांगितलं नव्हतं?"
ती म्हणाली, "अकरा नंबरची कोण?"
"कादुल्या. माझी सगळ्यात जुनी."
"क्रशेवान, तिची कास बघितलीस?"

हे मीठ समुद्राचं नसतं.
कासेच्या आतली भिंत खचते,
रक्तातला खार दुधात झिरपतो,
जिभेला कळेल न कळेल इतका.
यंत्राला कळतो.
हे तिने त्याला असं सांगितलं नाही.
एवढंच म्हणाली, "डावी बाजू दाबून बघ. हळू."

फोन बांधावर ठेवल्याचा आवाज.
मग नुसता वारा.
एक घंटा, दोनदा.
"ये गं, ये," असं काहीतरी,
जे माणसांशी बोलताना त्याच्या तोंडी नसतं.
बराच वेळ.

"दगड झालीय," तो म्हणाला.
"गरम आहे.
मला वाटलं, बुऱ्याने आखडली असेल.
चार दिवस झाले, कोकराला लाथ मारते."
मग काहीच नाही.

तिने पशुवैद्याचा नंबर दिला.
त्याने तो मोठ्याने म्हणत लिहून घेतला, एकेक आकडा,
बहुधा दगडावर, कोळशाने.
ठेवता ठेवता विचारलं,
"आणि बाकीच्या दोघींच्या दुधात?
मीठ?"

येरकाने तक्त्यावर बोट ठेवलं.
फ्रीजलंडच्या ओळीवरून पागच्या ओळीपर्यंत नेलं,
पूर्णांक सारखे,
पहिला दशांश सारखा,
दुसरा सारखा.

"आहे," ती म्हणाली, "थोडं जास्त आहे."